बिरादार सरांचा डिफेन्स

जुने खेळाडू भेटले की आपण मारलेले गोल सांगतात. आमच्या टीमची पोरं भेटली की खाल्लेले गोल सांगतात, अन् ते संपतच न्हाईत! मी गोलकीपर. त्यामुळं सगळे मी जवळून पाहिलेत.

अहमदपूरच्या आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवायचे बिरादार सर. सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉल दुसरं कुणी घेईना म्हणून त्यांच्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर आमचा गोल काढला अन् त्याच्यासमोर दहा ठिपके.

"सर, मग पुढं कोण?"

"पुढं कशाला जायचं? गोल होऊच दिला न्हाई तर हरशील कसा?"

पहिल्या मॅचला सात खाल्ले. दहा जण माझ्यासमोर असे गर्दी करून उभे, की बॉल मला जाळीत गेल्यावरच दिसायचा!

*

उमरीच्या टीमचा फॉरवर्ड आमच्या लेफ्ट बॅकला चकवून निघाला. लेफ्ट बॅकनं सरळ सूर मारला अन् दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला. रेफरीनं रेड कार्ड काढलं, वर पेनल्टी.

सर लाइनवरून पळत आत आले. "पण साहेब, पकड बघा की! किती क्लीन!"

*

मग सरांनी मोबाईलवर ऑफसाइड ट्रॅप पाहिला. "मी ओरडलो की सगळ्यांनी एकदम पुढं पळायचं. त्यांचा माणूस मागं एकटा राहतो. रेफरी शिट्टी मारतो. खेळ खल्लास!"

नांदेडला सर ओरडले. सगळे पळाले, बसवराज सोडून. बसवराज आमचा स्टॉपर, उदगीरच्या कापड दुकानदाराचा पोरगा, अंगानं कपाटाएवढा. तो खाली बसून बुटाची लेस बांधत होता. फॉरवर्ड त्याच्या बाजूनं आरामात आला, गोल मारून गेला.

"बश्या, सरांचा आवाज ऐकला न्हाईस?"

"ऐकला की. पण लेस सुटली होती. पडलो असतो न!"

 

*

शेवटची मॅच लातूरला. प्राचार्यांनी बजावलं होतं, "ही तरी बरोबरीत सोडवा, नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद." अन् समोरच्यांचा दहा नंबर लई डेंजर. सरांनी बसवराजचा खांदा धरला.

"बाकी खेळ गेला उडत. दहा नंबर जिथं, तू तिथं. मी सांगेपर्यंत सोडायचं न्हाई."

बसवराज चिकटला! दहा नंबर पाणी प्यायला गेला, हाही गेला. हाफटाइमला तो त्यांच्या पोरांत बसला, हाही शेजारी जाऊन बसला. दहा मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण वाचलो!

तेवढ्यात दहा नंबरचा पाय मुरगळला. चौघांनी उचलून त्याला जीपमध्ये घातलं, जीप गेली, खेळ सुरू झाला. पुढचाच बॉल आमच्या मधोमध आला. तिथं कुणीच न्हाई. गोल!

"बश्या कुठं हाय?" मी बोंबललो. कुणालाच माहीत न्हाई.

हरलो. सर डोकं धरून बसले होते, तर त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"सर, बसवराज बोलतोय. दवाखान्यात हाय. त्याचा एक्स-रे काढायलेत. आता सोडू का?"