बॉयलरवाल्या काकांचा नाश्ता

काका साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळतात तसे. आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी एक काचेची नळी असते. ती दर अर्ध्या तासाने बघायची, वाफेचा दाब वाचायचा आणि दोन्ही आकडे वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहायचे. बॉयलरच्या खोलीत खुर्ची नव्हती. खुर्ची आली की मागोमाग झोप येते, असं तिथलं म्हणणं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही. मग घरी काहीही होवो.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण वडील गेल्यावर मी काका-काकूंकडेच वाढले आणि जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसे. एक गोष्ट तर मी शंभरदा ऐकली असेल. साहेबांचा मेहुणा काकांचा रिलीव्हर होता आणि तो रोज अर्धा-पाऊण तास उशिरा उगवायचा. काका रजिस्टरमध्ये खरी वेळ लिहायचे. साहेबांनी आधी गोडीगुलाबीने सांगितलं, मग डोळे वटारून सांगितलं, की 'रिलीव्हर वेळेवर' एवढंच लिहीत जा. काकांनी लिहिलं नाही. चार महिने त्यांना राख उपसायच्या कामावर टाकलं. काकू म्हणायची, "दोन शब्दांसाठी हा माणूस चार महिने काळाठिक्कर होऊन घरी येत होता. आंघोळीचं पाणी तापवून तापवून माझा जीव मेटाकुटीला आला." यावर काकांची मान जरा ताठ व्हायची.

दोन वर्षांपूर्वी काकू गेली आणि स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात आलं. एकतीस वर्षं ज्याने जाळाकडे पाठ केली नव्हती, तो माणूस घरच्या गॅसवर दूध ठेवून खुशाल बाल्कनीत जाऊन बसू लागला. मला आधी याचं कोडं पडलं, मग उलगडलं. घरात आयुष्यभर काकू त्यांची रिलीव्हर होती. भांडं चढवून काका उठायचे आणि ते उतरवायला काकू असायचीच. ती गेली हे काकांना कळत होतं, त्यांच्या सवयीला कळत नव्हतं. दोन पातेली जळाली, एकदा शेजारीण वासाने धावत आली, आणि त्या आठवड्यात मी जाहीर केलं की काकांनी आता माझ्या घरी राहायला यायचं. आमच्याकडे एक खोली रिकामी होती, नवऱ्याचीही काही हरकत नव्हती. मोडता घातला तो काकांनी.

"तुझ्या घरात मी पाहुणा असेन," ते म्हणाले. "इथे मी ड्युटीवर असतो."

"कसली ड्युटी? दूध जाळायची?"

"ते चुकलं. मान्य आहे."

काकांचं हेच अवघड होतं. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. शेवटी तोडगा निघाला. गॅस काढून टाकायचा. दोन वेळचं जेवण डब्याने येईल. सकाळचा नाश्ता काका एअर फ्रायरमध्ये करतील, कारण त्यात जाळ नाही आणि वेळ भरली की तो आपोआप बंद होतो. मुदत एक महिना. तेवढ्यात तीन चुका झाल्या तर मुकाट्याने सामान बांधायचं.

"चूक कोण ठरवणार?" काकांनी विचारलं.

"मी."

"बरं, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. बॉयलर तपासायला वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर यायचा. तेव्हापासून मला तेच नाव पडलं.

माझ्याबद्दलही सांगायला हवं. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसातून साठ-सत्तर वेळा माणसाला मशीनसमोर उभं करते आणि म्हणते, "श्वास धरा, हलू नका." मग भिंतीआड जाते, बटण दाबते, आणि म्हणते, "झालं, सोडा." वीस वर्षं लोकांना हलू नका म्हणत आल्याने माझ्या आवाजाला एक धार आलीय, असं नवरा म्हणतो. काकांच्या चुका लिहायला मी फोनमध्ये एक यादी केली होती. आज ते सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला तो व्यवस्थितपणा वाटला होता.

एअर फ्रायर आला त्या सकाळी काकांनी त्याला आधी चारी बाजूंनी पाहिलं. आत वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली. "जाळ नाही, पाणी नाही, वाफ नाही," ते म्हणाले, "आणि म्हणे भट्टी." पण दोनच दिवसांत त्यांनी कोरी वही काढून रकाने आखले. तारीख, वेळ, किती अंश, किती मिनिटं, शेरा. मशीन तेलाशिवाय चालणारं, आणि काका मात्र डोळ्यांत तेल घालून त्याच्यासमोर उभे. मी कितीदा म्हटलं, "काका, ते आपोआप बंद होतं, तुम्ही पेपर वाचत बसा." पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं बॉयलर सुटला तरी पहारा सुटला नव्हता.

पहिली चूक चौथ्या दिवशी झाली. त्यांनी कवचासकट अंडं आत ठेवलं आणि आच पूर्ण चढवली. अंडं फुटलं, आतली जाळी पिवळी झाली. दुसरी चूक नवव्या दिवशी. सफरचंदाच्या फोडी एका डब्यात घालून आत ठेवल्या, आणि डबा निघाला प्लास्टिकचा. दोन्ही वेळा मला फोन आला तो काकांचाच. त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळायचं काही कारण नव्हतं. तरी मी यादीत 'एक' आणि 'दोन' लिहिलं.

एव्हाना त्यांचा हातही बसत चालला होता, हे कबूल करायला हवं. त्यांचा हातखंडा पदार्थ म्हणजे अंडापाव. पावाच्या स्लाइसचा मधला भाग वाटीच्या बुडाने दाबून खळगा करायचा, त्यात अंडं फोडायचं, वर मीठ-मिरी, एकशे सत्तर अंशांवर सात मिनिटं. कडा कुरकुरीत, मधलं पिवळं जरा हलतं. वहीत शेरा असे: 'उत्तम. एक मिनिट कमी चालेल.' दुसऱ्या दिवशी: 'एक मिनिट कमी केलं. चालत नाही.' बटाट्याच्या फोडी पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवायच्या. केळ्याचे उभे काप आणि वर दालचिनी, आठ मिनिटं. त्यापुढे लिहिलं होतं, 'हिला आवडलं असतं.' मी ते वाचलं आणि वही मिटून जागच्या जागी ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पावणेआठला काकांचा फोन आला. मी नुकतीच दवाखान्यात शिरत होते.

"इन्स्पेक्टर, रिपोर्ट द्यायचाय. धूर झाला."

आदल्या आठवड्यात मीच त्यांना टोपलीत घालायचा कागद आणून दिला होता, खाली चिकटू नये म्हणून. आता बॉयलरवाला माणूस कधी थंड भट्टीत माल घालत नाही. ती आधी रिकामी तापवायची असते. काकांनी कागद अंथरला आणि रिकामं मशीन तापायला लावलं. कागदावर वजन नव्हतं. आतल्या पंख्याने तो उडाला, वरच्या तारेला चिकटला आणि जळाला.

"बंद केलंत?"

"बंद केलं. प्लगही काढलाय. आता वास आहे फक्त." मग म्हणाले, "ही तिसरी."

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं. वाद संपला, आता ते माझ्याकडे येतील, माझ्या जिवाला घोर राहणार नाही. समोर बाकांवर माणसं बसली होती, माझी जोडीदारीण रजेवर होती. मी म्हटलं, "कशालाही हात लावू नका. मी येते. मी येईपर्यंत तिथून हलू नका."

"बरं," काका म्हणाले.

मग फोन कपाटात गेला आणि मी कामाला लागले. खांदे, गुडघे, छात्या. एकाने बनियनच्या आत साखळी ठेवली म्हणून फोटो परत काढावा लागला. मध्येच मशीन बिघडून अर्धा तास गेला. कोणी चहा आणला तो निवून गेला. काकांचा विचार माझ्या मनात आला नाही. एकदाही नाही.

दीडच्या सुमाराला एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, छातीच्या फोटोसाठी. मी म्हटलं, श्वास धरा, हलू नका. भिंतीआड गेले, बटण दाबलं. तेवढ्यात दारातून कोणी काहीतरी विचारलं, मी त्याला उत्तर देत राहिले. आतून अगदी बारीक, कोंडलेला आवाज आला.

"बाई, सोडू का आता?"

मी म्हटलं, "सोडा, सोडा, झालं," आणि कपाटाकडे धावले. काकांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. उचलला नाही. तेव्हा कळलं की सकाळी बोलून झाल्यावर फोन बाहेरच्या खोलीतच चार्जिंगला राहिला असणार, आणि ते स्वयंपाकघरात जागेवर उभे असणार.

रिक्षात मी स्वतःला बजावत होते की इतकं खुळं कोणी नसतं, ते केव्हाच जाऊन पडले असतील. पण मला माहीत होतं. दूध चढवून विसरणारा माणूस तो. पण त्याच्याजवळ कोणी काही सोपवून गेलं की तो विसरत नाही. विसराळू ते नव्हतेच. लोकांच्या चुका फोनमध्ये लिहून ठेवणारी मीच विसरले होते.

माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. काका ओट्याला एक हात टेकून उभे होते. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती. बाजूला बशीत दोन स्लाइस, खळगा करून ठेवलेल्या, वाळून कडक झालेल्या, आणि दोन अंडी तशीच. खिडकी उघडी होती. धुराचा वासही आता उरला नव्हता.

"आलीस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"काका, बसायचं तरी. खुर्ची घ्यायची."

"खुर्ची नसते," ते म्हणाले.

मला रडू यायला लागलं होतं आणि ते नको होतं, म्हणून मी जवळ गेले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "मी आलेय. चार्ज द्या."

त्यांनी खरोखरच दिला. मशीन बंद, प्लग काढलेला, वरच्या तारेला काळं लागलंय, पुसायचं राहिलंय कारण हात लावू नका म्हणालीस. मी मान डोलावत होते. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "झालं. सोडा आता." तेव्हा कुठे त्यांचा हात ओट्यावरून सुटला आणि ते भिंत धरत धरत बाहेर जाऊन बसले.

मी त्यांच्या पायांखाली उशी दिली, पाणी दिलं. मग तार पुसायला स्वयंपाकघरात आले तेव्हा वही दिसली. त्या दिवसाचं पान भरलं होतं. '७:४० धूर. कारण: रिकामं तापवताना कागद उडाला. चूक माझी. ७:४५ इन्स्पेक्टरला कळवलं. जागेवर थांबण्याची सूचना.' मग दर अर्ध्या तासाला एक ओळ: 'ठीक. ठीक. ठीक.' मध्येच एक: '९:१० दोन मिनिटं जागेवर नव्हतो, बाथरूम. दार उघडं ठेवलं होतं.' अकरानंतर अक्षर जरा वाकडं झालं होतं. आणि शेवटी, शाई अजून ओली असावी अशी ओळ. मी दाराशी चपला काढत होते तेवढ्यातच लिहिली असणार.

'१:५५. रिलीव्हर वेळेवर.'

मी वही घेऊन बाहेर गेले. "काका, हे खोटं आहे."

"हो."

"सहा तास उशीर केला मी. साहेबांच्या मेहुण्यासाठी तुम्ही चार महिने राख उपसलीत आणि दोन शब्द लिहिले नाहीत."

काका पायांकडे बघत होते. "त्याचं रजिस्टर साहेब वाचायचे," ते म्हणाले. "हे माझ्यामागे तू वाचणार. खरं लिहिलं असतं तर परत परत तेवढंच पान काढून वाचत बसली असतीस."

मी फोन काढून त्यांच्यासमोर ती यादी पुसली. त्यांनी चष्मा नाकावर चढवून विचारलं, "मग सामान कधी बांधायचं?" मी म्हटलं, "कसलं सामान? ड्युटी सोडून कुठे चाललात?" ते हसले नाहीत, पण मान जरा ताठ झाली.

मग म्हणाले, "भूक लागलीय." अडीच वाजले होते. मी दोन ताज्या स्लाइस घेतल्या, वाटीच्या बुडाने दाबल्या, अंडी फोडली, मीठ-मिरी. काकांनी बसल्या जागेवरून सांगितलं, एकशे सत्तर, सात मिनिटं. मी बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत खुर्ची होती, पेपर होता, आणि मशीन आपोआप बंद होणारं होतं. मी सातही मिनिटं त्याच्यासमोर उभी राहिले.