दुसऱ्या मजल्यावरचा कुकर

सुचित्रा रोज सकाळी साडेदहाला कुकर घेऊन दोन मजले उतरायची. खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात तांदूळ, झाकण लावलेलं आणि शिट्टी ओढणीच्या टोकाला बांधलेली. राजश्रीचं दार उघडंच असायचं.

"आला का माहेरपणाला?" राजश्री कुकरलाच विचारायची आणि चहाचं पातेलं सरकवून एक बर्नर रिकामा करून द्यायची. वाफ जिरली की तोच कुकर फडक्यात धरून परत चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये लोक विचारतात.

हे आठ महिने चाललं होतं.

सुचित्राला याचं फारसं काही वाटत नव्हतं. गुहागरकडून लग्न होऊन कामोठ्यात आली तेव्हापासून ती घरातले आवाज नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे लावत आली होती. इंद्रजित तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, बावीस वर्षं. तो नाइट करून झोपला असला की ती मिक्सरखाली घडी केलेला टॉवेल घालायची, बेलची वायर काढून ठेवायची, नळ बारीक सोडायची. मुलगी वैदेही शिकायला पुण्याला गेली तोवर तीही कुजबुजत बोलायला शिकली होती. कुकर खाली नेणं सुचित्राला त्यातलंच एक वाटलं.

ऑगस्टमध्ये प्लँटवर एका टाकीतला दाब वाढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळत उघडला. शेजारी उभा असलेला गोटीराम, तिथल्याच गावचा, ओरडला, "पल रं इंद्रजित, पल." स्वतः पळालाही. इंद्रजितचे पाय हलले नाहीत. गोटीराम मागे आला, कॉलरला धरून त्याला ओढत बाहेर घेऊन गेला. मेलं कुणीच नाही. गोटीरामचा दंड खांद्यापर्यंत भाजला, इंद्रजितला ओरखडाही आला नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी कुकरची पहिली शिट्टी झाली आणि तो पाण्याचा ग्लास हातात धरून फ्रिजपाशी उभा राहिला तो दहा मिनिटं तसाच. हाक ऐकू येईना. चेहरा राखेसारखा. दुसऱ्या दिवसापासून, त्याला न सांगता, कुकर खाली.

कंपनीने रजा वाढवली, पुन्हा वाढवली. मग निरोप आला, पंधरा एप्रिलला प्लँटवर हजर व्हा. जमणार नसेल तर गेटवर बसून ट्रकांचे नंबर लिहायचे.

"गेटवर बसेन," इंद्रजित म्हणाला. "पण गोटीराम रोज तिथूनच आत जाणार. तो काय म्हणेल?"

"काही म्हणणार नाही."

"तेच तर."

डॉक्टरांनी वाशीतल्या एका थेरपिस्टचं नाव दिलं होतं. सई मॅडम. चष्म्याच्या दुकानावर एक लहानशी खोली, दोन खुर्च्या, खिडकी. मॅडम बत्तीसएक वर्षांच्या असतील. सुचित्रा बाहेर बाकावर बसायची आणि परतताना बसमध्ये चौकशी करायची.

"काय विचारतात?"

"पाय कुठे आहेत, विचारतात."

"म्हणजे?"

"जमिनीला टेकलेत का. गार लागतंय का. मग खिडकीतून काय काय दिसतं ते सावकाश बघायचं. मग त्या दिवसातलं थोडंसं सांगायचं. छातीत आवळून आलं की थांबायचं, परत पाय."

"पाय कुठे आहेत ते मीसुद्धा सांगितलं असतं," सुचित्रा म्हणाली. पण त्या महिन्यात तो दोनदा दुपारी झोपला, हे तिने मनात ठेवलं.

एप्रिल लागला आणि मॅडमनी तिला आत बोलावलं. घरात कोणत्या आवाजांचा त्रास होतो, असं विचारलं. सुचित्राने जरा अभिमानानेच सांगितलं, "त्रास होऊच देत नाही मी. आमच्याकडे कुकर लागतच नाही."

"खाली लावते," इंद्रजित म्हणाला. "राजश्रीकडे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सुचित्राने त्याला विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? आपला कुकर आधी थुंकतो, मग वाजतो. राजश्रीचा सरळ वाजतो. बावीस वर्षं व्हॉल्व्ह ऐकतोय मी. साडेदहा वाजले की वर बसून वाट बघतो."

सुचित्रा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आठ महिने, रोज चार जिने, आणि वर हा माणूस कान लावून बसलेला.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे एकाच शिट्टीवर दोघांचा पहारा चाललाय. एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्या." मग इंद्रजितकडे वळल्या. "आत्ता ती शिट्टी आठवली तर अंगाला काय करावंसं वाटतं?"

"पळावंसं."

"आणि होतं काय?"

"मांड्या दगड होतात."

त्यांनी त्याला उभं केलं. तळहात भिंतीला लावून भिंत ढकलायला सांगितलं, सगळा जोर लावून. मग एक टाच उचल, एक टेकव, अगदी सावकाश. त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या तशी सुचित्रा उठली. मॅडमनी हातानेच तिला बस म्हटलं. थरथर दोनेक मिनिटं चालली आणि आपली आपण उतरली. इंद्रजितने मोठा श्वास सोडला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"त्या दिवशी पळायचं राहून गेलं," मॅडम म्हणाल्या. "त्यात भित्रेपणा नाही. फार मोठा धोका दिसला की कधीकधी अंग गोठतं, त्याला विचारून नाही गोठत. आता नुसतं समजावून ते सुटत नाही. पायांना ते करू द्यायचं." घरी करायचं तेही त्यांनी सांगितलं. कुकर घरातच लावायचा, त्यानेच. शिट्टी झाली की पायांना जायचं असेल तिकडे जायचं. सोसायटीच्या गेटला हात लावायचा, आजूबाजूला नीट बघायचं, परत यायचं. फारच वाटलं तर गॅस बंद. गॅसपाशी सुचित्रा.

बुधवारी त्याने कुकर लावला. रिंग तपासली, शिट्टीच्या भोकातून उजेडाकडे पाहिलं, पाणी मापाने घातलं. सुचित्राने इतक्या वर्षांत एवढी तपासणी कधी केली नव्हती. तो स्वयंपाकघराच्या दारात अनवाणी उभा राहिला, हात भिंतीला लावून.

कुकर थुंकला. मग वाजला.

त्याचा चेहरा तसाच राखेचा झाला. सुचित्राचा हात गॅसच्या बटणावर गेला.

"राहू दे," तो म्हणाला.

त्याचा उजवा गुडघा हलला. टाच उचलली गेली. मग तो निघाला. जिन्यावर पावलं वाजली, आधी एकेक, मग भराभर. सुचित्राने खिडकीतून पाहिलं. पन्नाशीचा माणूस बनियन आणि हाफ पँटवर, चपला न घालता, सोसायटीच्या आवारातून गेटकडे धावत होता. वॉचमन खुर्चीवरून उठला. इंद्रजितने गेटला हात लावला आणि तिथेच थांबून स्कूटर, पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी असं एकेक बघत राहिला.

दुसऱ्या मजल्यावरून राजश्री ओरडली, "अहो भाऊजी, सिलिंडर लीक झाला का?"

"नाही वहिनी," तो धापा टाकत म्हणाला, "भात लावलाय."

वर आला तेव्हा तळव्यांना माती होती. "किती झाल्या?"

"दोन. बंद केला मी."

"तीन लागतात. लाव परत."

दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा दगड झाले, आणि सुचित्राने गॅस बंद केला. तिसऱ्या दिवशी तो गेटपर्यंत गेला. शनिवारी दुसऱ्या मजल्यावरूनच परतला. रविवारी दारातच उभा राहिला, टाचा उचलत आणि टेकवत. बरा झालो असं तो म्हणाला नाही, तिनेही विचारलं नाही.

पंधरा तारखेला सव्वासहाच्या कंपनीच्या बसने तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बघतो." आत जाणाऱ्यांना मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये बंद करून ठेवावा लागतो. गेटवर बसणाऱ्यांचा चालू असतो.

साडेदहा वाजता सुचित्राने फोन लावला. स्विच ऑफ. तिने पुन्हा लावला. स्विच ऑफ.

मग तिने डाळ-तांदूळ धुतले, कुकर आपल्याच गॅसवर चढवला आणि पोह्यांचा डबा पुसायला घेतला. कुकर थुंकला. तिच्या लक्षात आलं की डबा ओट्यावर आहे, आपला हात बटणावर आहे आणि खांदे कानांपर्यंत आलेत. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने खाली पाहिलं. पाय फरशीवर होते, डावा जरासा ओल्यात. फरशी गार होती. तिने हात बटणावरून काढला आणि ओट्यावर टेकवला. शिट्टी झाली.

मोबाइल वाजला. तिने झडप घालून उचलला, पण राजश्रीचाच होता.

"काय गं, आठवडा झाला, कुकर माहेरी आला नाही?"

"सासरी नांदतोय," सुचित्रा म्हणाली. "थांब जरा, दुसरी व्हायचीय."