मालिशवाल्या बाईंची खोली

एखाद्याचा पाय अर्धा तास तुमच्या हातात असला की तो माणूस काय करेल? बोलेल! पळून तर जाऊ शकत नाही. आम्हा फिजिओथेरपिस्ट लोकांकडे किस्से साचतात ते असे. माझी पहिली नोकरी नागपूरला, धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये. पलंग कमी, पेशंट जास्त. एकाने सुरू केलेला किस्सा शेजारच्या पलंगावरून पूर्ण व्हायचा!

*

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांच्या खांद्याला करंटचं मशीन लावलं. बटण फिरवलं आणि आजोबा "अगागागा!" करून ओरडले. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी ओरडले!

क्लिनिकच्या मालक सरोदे मॅडम धावत आल्या. बघतात तर आजोबा माझ्या डोक्यावरून हात फिरवताहेत. "घाबरू नको वं बाई, मले काही नाही झालं. पानी द्या गा कोनी हिले!"

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "प्राची, यातला पेशंट कोण?"

त्यांनी मला त्या दिवशी घरी पाठवलं नाही, याबद्दल मी अजून मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

*

भीमराव काका कोळसा खाणीतून रिटायर झालेले. सावनेरच्या पुढे त्यांचं गाव. लकवा मारून डावा हात आणि डावा पाय गेला होता. गावाच्या आसपास फिजिओ नाही, म्हणून काकू त्यांना धरून धरून बसने नागपूरला आणायच्या. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "हेच महिने कामाचे आहेत. आत्ता खंड पडला तर हात कायमचा असाच राहील."

पाय सुधारला, काका काठीवर चालू लागले. हात मात्र हलेना. "घरी व्यायाम करता ना?" मी दर वेळी विचारायची.

"रोज! सकाळ-संध्याकाळ!" काकू सांगायच्या.

शेवटी मी म्हटलं, "करून दाखवा बरं." काकूंनी पदर खोचला आणि स्वतःचा हात झोकात वर नेला!

"अहो काकू, काकांनी करायचा!"

"त्यायचा हात दुखते ना! म्हनून मीच करून घेते."

काका पडल्या पडल्या म्हणाले, "तिचा खांदा पन एकदम मोकळा झाला, बरं का!"

*

संसदेत आमच्यासाठी कायदा झाला, आमची रीतसर नोंदणी होणार, आमच्या कामाला मान मिळणार, त्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले. सदर बाजारात कापडाचं दुकान असलेले एक शेठ मॅडमकडून कंबर दाबून घेत पालथे पडले होते. त्यांनी मान वळवली.

"म्हंजे आता मालिश करायले वकील लागन का?"

"मालिश नाही हो, फिजिओथेरपी!" मॅडम चिडल्या.

"तेच ते. बोलता बोलता थांबू नका, दाबत राहा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. खाणीत युनियनचं काम केलेला माणूस! "मॅडम, कायदा दिल्लीत झाला. आमच्या गावात कधी उतरून राहिला, ते सांगा." शेजारी काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्या दिवशी बसस्टँडवर त्यांना चक्कर आली होती. हे येणं-जाणं फार दिवस जमणार नाही, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

*

मग मॅडमनी युक्ती काढली. येणं कमी करा, पण बसमध्ये बसल्या बसल्या हाताचा व्यायाम करा. काका एकटे करताना लाजतील, म्हणून काकूंनी कंडक्टरलाच सांगून टाकलं. तो पठ्ठ्या "मूठ उघडा! मूठ बंद!" अशी ऑर्डरच द्यायला लागला. अख्खी बस मुठी मिटतेय, उघडतेय!

एक नवा प्रवासी तिकिटाचे पैसे पुढे करायला गेला. कंडक्टर म्हणाला, "थांब ना गा भाऊ. उघडा म्हटलं का दे!"

*

पुढे खरंच काकांच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात फिजिओची जागा निघाली. मला भीती वाटत होती. मॅडम म्हणाल्या, "जा. इथे मी आहे, तिथे कोणीच नाही." म्हणून गेले. गावाचं नाव सांगत नाही, साहेब अजून तिथेच आहेत!

साहेब म्हणजे तिथले मोठे डॉक्टर. त्यांनी हात झटकले. "मालिशवाल्या बाई, तुम्हाला बसवू कुठे? खोलीच नाही. जागा परत पाठवून देतो."

खोली होती. मोडक्या खाटा भरून तिला कुलूप होतं! पण मी काय भांडणार? बाहेर नळापाशी उभी राहून रडले आणि काकांना फोन केला, "काका, मी परत जातेय."

"काहून? उद्या सकाळपर्यंत थांब वं पोरी."

सकाळी दवाखान्यासमोर मोर्चा! काठ्या, वॉकर, कमरेला पट्टे, गळ्याला कॉलर. सगळे हळूहळू चालत आलेले. पुढे काका, त्यांना धरून काकू.

"खोली द्या!" काका गरजले.

"द्या, द्या!" मागून सगळे.

"खोली द्या!" आणि काठी उजव्या हातात होती, म्हणून काकांची डावी मूठ वर गेली. जो हात छातीच्या वर येत नव्हता, तो कानाच्याही वर! काकूंनी तोंडावर पदर धरला. मी आनंदाने टाळ्या वाजवायच्या, की नाही? पण सवय! मी ओरडले, "काका, कोपर सरळ!"

मागच्यांना वाटलं, नवी घोषणा. "कोपर सरळ! कोपर सरळ!" सगळा दवाखाना दणाणला.

साहेब पायरीवर आले. सगळ्यांना शांत करायला त्यांनी अर्धा हात वर केला. "अहो, ऐका जरा..."

"कोपर सरळ!"

साहेबांनी कोपर सरळ केलं. आणि दुसऱ्या हाताने खिशातून किल्ली काढली.