उंबऱ्याच्या आत बूट

आमच्याकडे पाय आईच्या बाजूने येतात. मामा, मावश्या, त्यांची पोरं, सगळ्यांचे पाय पुढून पसरट. बोटांची एकमेकांशी फारशी ओळख नसावी इतकी लांब लांब. कन्हानच्या काठच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी उभं राहिल्यावर पायांनी दुसरं काय करायचं? चपलेला असे पाय चालतात, कारण चपलेला बाजू नसतात. म्हणून मी आयुष्यभर चपला घातल्या आणि मोटारसायकलही चपलेतच चालवली.

यंदा श्रावणात कन्हानच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून मागचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या पायावर आडवी झाली. चप्पल एका दिशेला गेली, अंगठ्याचं नख दुसऱ्या. अपघात म्हणण्याइतका वेग नव्हता. मदतीला जो सायकलवाला धावला, तो जरा आधी मलाच मागे टाकून गेला होता. हाड मोडलं नाही, पण घोटा असा सुजला की पुढचा महिनाभर मी कॉलेजात खुर्चीवर बसून शिकवलं.

सूज उतरली त्या दिवशी बायकोने विषय काढला.

"अहो, मी काय म्हणते ते शांतपणे ऐका. घोट्याच्या वर येणारे बूट घालाल तर गाडी राहील. नाहीतर दसऱ्याले तिची पूजा माझ्या भावाच्या दारात होईल."

ही पोकळ धमकी नव्हती. तिच्या भावाचं उमरेडला कापडाचं दुकान आहे. खरेदीसाठी तो गांधीबागेच्या कापडबाजारात येतो आणि जेवायला आमच्याकडे. जेवण झालं की माझ्या गाडीपाशी जाऊन टाकीवरून हात फिरवतो. बैलबाजारात गिऱ्हाईक जनावराच्या पाठीवरून फिरवतं, तसा. या बनावटीची गाडी आता कारखान्यातून निघत नाही. "भाऊजी, तुमच्यानं नाही झालं की मले सांगा बरं," असं तो दर वेळी म्हणायचा. यंदा त्याने घोट्याची चौकशी जरा जास्तच आपुलकीने केली.

मला गाडी द्यायची नव्हती. यामागे फार मोठं तत्त्वज्ञान नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला वर्षभर स्वागतगीतं, शाली आणि 'दोनच शब्द' बोलायला उभे राहिलेले प्रमुख पाहुणे सहन करावे लागतात. रविवारी सकाळी उमरेड रोडला लागलं, इंजिनाचा आवाज कानात भरला, की कोणी कोणाचा परिचय करून देत नाही. टपरीवर तर्री पोहे खायचे आणि परत यायचं. एवढ्यासाठी मी कुठलेही बूट घालायला तयार होतो. बूट तयार नव्हते.

बुटांचं दुकान चांगलं थंडगार होतं. मालक स्वतः काळं जाकीट घालून उभे होते. बाहेर भाद्रपदातलं ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटावी.

"सर, हा बूट नाही," ते म्हणाले, "ही लाइफस्टाइल आहे."

"पाय आत जात नाही," मी म्हणालो.

"सर, बूट तुम्हाला ओळखून घेईल. थोडा वेळ द्या त्याला."

मी एक नंबर मोठा मागितला. त्यात पाय गेला, पण टाच वरखाली होत होती आणि पुढे बोटांपलीकडे एवढी मोकळी जागा, की तो शेंडा गाडीच्या गिअरच्या लिव्हरखाली शिरला नसता. लांबी वाढवून रुंदी मिळत नाही, हे शाळेत क्षेत्रफळ शिकवताना कोणी इतकं स्पष्ट करून सांगितलं नव्हतं. शेवटी लांबीला बरोबर बसणारा जोड घेतला. जाड गाईचं चामडं, घोट्याला दोन्ही बाजूंनी कडक वाट्या, बाजूला चेन. खोक्यात एक गुळगुळीत पुस्तिका होती. तिच्या पहिल्या पानावर क्षितिज, स्वातंत्र्य आणि आत्म्याचा प्रवास होता. कामाचं वाक्य शेवटच्या पानावर: रस्त्यावर वापरण्याआधी जाड मोजे घालून रोज थोडा वेळ बूट घरात घाला.

पुस्तिका लिहिणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नव्हतं. घराचं दार उघडलं की समोर खुर्चीत आई बसलेली असते. वय ऐंशीच्या पुढे, नजर शाबूत. आमच्याकडे पायातलं दाराबाहेर राहतं. गॅस सिलिंडर आणणाराही सिलिंडर खांद्यावर घेऊन आधी चपला काढतो, मग आत येतो. त्या खुर्चीसमोर मी नव्या बुटांत पाय कोंबत बसलो.

"काहून रे, कुठं चालला?"

"कुठंच नाही. घरातच घालायचे आहेत. सैल व्हायला."

"घरात बूट?" आईने स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "अवं, हा पाह्य काय म्हणून राहिला!"

बायको बाहेर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. माझी अट बूट घालायची आहे. कुठं घालायचे, ते माझ्याकडे नाही."

एका घरात दोन न्यायालयं असली की पक्षकार गच्चीवर जातो. मीही गेलो. बूट हातात घेऊन अनवाणी जिना चढायचा, वर पायात घालायचे, पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायच्या, आणि लंगडत खाली यायचं. संध्याकाळची वेळ निवडली, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात आणि त्या मापाला चामडं ताणलं तर पुढे त्रास होत नाही. पण दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळीही तळव्यांना सोडत नव्हती. दोन्ही करंगळ्या चेंगरत होत्या आणि पायाचा सगळ्यात रुंद भाग, बोटांच्या मुळाशी, सांडशीत धरल्यासारखा दुखायचा. समोरच्या गच्चीवरचे शेजारी कठड्याला टेकून बघत.

"सर, भरती झाले का काय फौजेत?"

"हाव."

"मंग लेफ्ट-राइट तरी बरोबर करा ना. दोन्ही पायांनी लंगडून राहिले तुम्ही."

गणपती गेले तरी फरक काही नव्हता. थोडा वेळ चाललं की फोड येई, फोड बसेपर्यंत चालणं बंद, आणि तेवढ्यात चामडं पुन्हा होतं तसं. हे असंच चाललं असतं तर दसऱ्याला मी सोफ्यावर आणि गाडी उमरेडला, हे उघड होतं.

त्या आठवड्यात मेहुणा जेवायला आला. बुटांची हकिगत ऐकून तो हसला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"भाऊजी, तुमचे पाय म्हणजे वखर हाय, रुंद वखर. त्याले बुटात घालायचं तर आधी बूट फाकवा. चना भरा."

"चना?"

"सुका चना भरायचा बुटात, गच्च. वरून पाणी टाकायचं, तोंड बांधून टाकायचं. चना फुगला की चामडं कुठं जाईल? आमचे आबाजी नवा जोडा असाच सैल करत."

गाडीवर डोळा असलेला माणूस आपल्याला बूट सैल करायचा उपाय काहून सांगतो, असा विचार माझ्या मनात आला. पण माणसाचा लोभ आणि त्याची माहिती एकाच खिशात असतात असं नाही. मी स्वयंपाकघरातल्या डब्यातून हरभरे काढले. बुटांत आधी प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, त्यांत हरभरे आणि पाणी भरलं, तोंडं सुतळीने आवळली आणि दोन्ही बूट गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवले.

उपाय खरा होता. सकाळी बूट दिवस भरलेल्या बाईसारखे बसले होते. फक्त ते बघायला माझ्याआधी आई पोचली होती. ती रोज तुळशीला पाणी घालायला वर जाते. मी जिन्यात होतो तेव्हाच तिचा आवाज आला.

"अवं, इकडं ये! याच्या बुटात चना हाय!"

मी वर पोचलो तर ती सुतळी सोडून आत बघत होती. हरभरे टरारून फुगले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता.

"आई, ते चामडं ताणायला..."

"अन्न हाय ते! अन्न कोणी पायात घालते का?"

"पाय नव्हता आत. फक्त बूट होता."

"बूट कोणाचा हाय? डोक्यात घालायचा हाय का?"

आतापर्यंत मी तिच्या नजरेत एक नियम मोडू पाहणारा होतो. आता मी त्याहून फार मोठा नियम मोडून बसलो होतो, आणि तोही तिच्या डब्यातल्या हरभऱ्यांनी. लहानपणी आमच्यापैकी कोणाचा पाय चुकून सुपाला लागला तरी सुपाच्या पाया पडावं लागे. बुटात भिजवलेल्या धान्याच्या पाया कशा पडायच्या, याची पद्धत ठरलेली नव्हती.

शिवाय त्या हरभऱ्यांचं करायचं काय, हाही प्रश्न होता. खाता येत नाहीत. फेकता येत नाहीत, अन्न आहे. "गाईले देऊन टाक," बायको म्हणाली. आई म्हणाली, "गाईनं काय पाप केलं?" शेवटी मी ते जास्वंदीच्या कुंडीत पुरले.

आई टाकीच्या कट्ट्यावर बसली. मग तिने एक बूट उचलून उलटा केला आणि तळ नीट पाहिला.

"रस्त्यावर घातला का हा?"

"नाही. फक्त गच्चीवर."

"गच्ची आपलीच हाय." तिने तळावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. "पुसून घे ओल्या फडक्यानं. मंग घाल घरात. पण पुन्हा धान्याले हात नाही लावायचा. आन देवघर, स्वयंपाकघर नाही. रस्त्याले लागला की मंग बंद. मंग तो जोडा झाला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फडकं आणायला निघालो. निकाल आपल्या बाजूने लागलेला असताना वकिलाने उभं राहू नये.

तर अशा रीतीने भाद्रपदाच्या शेवटी आणि आश्विनाच्या सुरुवातीला मी घरात बूट घालून राहिलो. हरभऱ्यांनी पुढचा टोकाचा भाग फुगवला होता. जिथे खरी अडचण होती, बोटांच्या मुळाशी, तिथे चामडं अजून आखडूनच होतं. ते चालून चालून सैल व्हायचं होतं. दोन मोज्यांवर बूट चढवून मी पेपर तपासले, वर्तमानपत्र वाचलं, टीव्हीवर एका पुढाऱ्याचा सत्कार पाहिला. बसल्या बसल्या पायाची बोटं आत दाबायची आणि सोडायची, हा व्यायाम सत्काराला फार उपयोगी पडतो. आई खुर्चीतून माझी हद्द सांभाळत असे. स्वयंपाकघराच्या दारापासून हातभर अंतरावर पोचलो की तिकडून "अंहं" असा आवाज येई. पाणी मला बाहेर आणून मिळे. हे सुख मला चपलेच्या काळात कधी मिळालं नव्हतं.

हळूहळू चामड्यावर बाजूंना सुरकुत्या पडल्या. एके दिवशी एकाच मोज्यावर बूट घातला आणि करंगळीची आठवणच आली नाही. ती आली नाही हे मला जेवणाच्या वेळी बूट काढताना कळलं.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मेहुण्याकडे सोनं द्यायला जायचं होतं. एरवी बायको उमरेडला एस.टी.ने जाते. यंदा ती हेल्मेट घेऊन खाली आली.

"मागे बसते. मले बघायचं आहे."

मी अंगणात बूट पहिल्यांदा जमिनीवर टेकवले. आई दारातून बघत होती. आता ते बूट घरात येणार नव्हते, हे तिने हाताच्या एका इशाऱ्याने पुन्हा सांगितलं. गिअरच्या लिव्हरखाली बुटाचा शेंडा बिनबोभाट गेला. वाटेत एका गतिरोधकावर बायकोने "दुखते का?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला नसणार.

कारण मेहुण्याच्या ओसरीत बूट काढायला बसलो, तर ती समोर उभी राहिली. "मोजेही काढा." घरातली सगळी मंडळी आपट्याची पानं हातात धरून थांबली. मेहुणा स्वतः खाली वाकला. दोन्ही पाय उजेडाकडे करून पाहिले गेले. करंगळ्या शाबूत होत्या, घोट्यांवर ना सूज ना फोड, बोटांच्या मुळाशी थोडी लाली.

"ही लाली?" मेहुण्याच्या आवाजात अजून आशा होती.

बायकोने अंगठ्याने दाबून पाहिलं. "उष्णतेची आहे," ती म्हणाली. "गाडी राहील."

मेहुणा सरळ उभा राहिला, माझ्या हातात सोनं ठेवलं आणि म्हणाला, "भाऊजी, चना म्याच सांगितला होता." ते खरंच होतं. मी त्याची गळाभेट घेतली.

परत निघताना बायकोने अटीचा उरलेला भाग सांगितला: बूट घातल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. मी कबूल केलं. बूट चढवायला आणि चेन लावायला जितका वेळ लागतो, तितक्यात कोपऱ्यावर जाऊन येता येतं. त्यामुळे दुधाला मी आता पायी जातो. चपलेत.