पाच किलो होईपर्यंत

आमच्या चांदणीची दवाखान्याची फाईल आता इतकी जाड झाली आहे की तिला वेगळी पिशवी लागते. पण हापशीवर बायका मला रिपोर्ट कधीच विचारत नाहीत. त्या म्हणतात, "सुनिता, तो बसवाला किस्सा सांग ना." एक सांगितला की मागून दुसरा येतो, आणि माझा हंडा तसाच रिकामा राहतो.

चांदणी आता दोन वर्षांची आहे आणि न आवडलेलं ताट फेकून देते. जन्मली तेव्हा दोन किलोची होती आणि हृदयाला भोक होतं. दूध ओढतानाच दमायची, घामाने भिजायची आणि उपाशीच झोपून जायची. चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन नागपूरला होईल, पण आधी पोरगी पाच किलोची करून आणा. पुढचे आठ महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

घर म्हणजे मी, माझा नवरा धनराज आणि सासू. सासू माझी सख्खी आत्याच. आमच्यात अशा सोयरिकी होतात, म्हणून मी तिला अजूनही आत्याच म्हणते.

*

सुरुवातीला चांदणीच्या नाकातून पोटात नळी होती. नळीला सिरिंज लावून ती वर धरायची, तिच्यात दूध ओतायचं, ते आपोआप खाली उतरतं. दर दोन तासांनी तीस एमएल. सिस्टरने सगळं शिकवलं, पण एसटीत कसं पाजायचं ते राहूनच गेलं.

घरी येताना मूल गावाच्या पुढे जंगलात दुधाची वेळ झाली. गाडी इतकी हादरत होती की दूध माझ्याच लुगड्यावर. मी कंडक्टरला सांगितलं आणि त्याने बेल मारून गाडी थांबवली. त्या पट्ट्यात वाघ, त्यामुळे बिडीलासुद्धा कोणी खाली उतरेना. सगळी बस माना वळवून दूध नळीतून उतरताना बघत बसली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढच्या महिन्यात तोच कंडक्टर होता. तिकीट द्यायच्या आधी विचारतो, "बाई, आज किती एमएल? तेवढा वेळ थांबवतो."

*

मॅडमनी एक तक्ता दिला होता. दूध पाजलं की त्यात खूण करायची. ते काम धनराजने घेतलं, कारण तो सिंदेवाहीला भाताच्या संशोधन फार्मवर मजूर आहे आणि लिहिण्याचं काम त्याला आवडतं. तिकडे पेरणीच्या आधीच सगळ्या वाफ्यांच्या पाट्या लिहून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी धांदल नको.

आत्या जंगलातून मोहफुलं वेचून विकते, तिला लिहिता येत नाही. तिने दोन वाट्या मांडल्या. एकीत मोहाच्या दहा-बारा बिया, आणि दूध पाजलं की एक बी दुसऱ्या वाटीत.

तपासणीला मॅडमनी तक्ता बघितला, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग धनराजकडे बघितलं. त्याने पुढच्या शनिवारपर्यंतचं दूध पाजून टाकलं होतं. आत्याने पदराची गाठ सोडली आणि त्या दिवशीच्या बिया टेबलावर ठेवल्या. मॅडमनी त्या मोजल्या आणि केसपेपरवर आकडा लिहिला. धनराजला म्हणाल्या, "दादा, तुम्ही पाट्याच लिहा."

*

पाचव्या महिन्यात वजन अडलं. चार किलोवर काटा हलेना. मी रोज रडायची, आणि आत्या माझ्यावर चिडायची की रडून दूध आटतं.

त्या महिन्यात मॅडमच्या काट्यावर चांदणी एकदम चार किलो सहाशे भरली. मी हरखले. मॅडम मात्र तिचं झबलं चाचपत राहिल्या. झबल्याच्या पट्टीत लोखंडाच्या चार कड्या शिवलेल्या निघाल्या. आत्या म्हणाली, नजर लागू नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, नजरेला एक पुरते.

मग आत्याने सरळ सांगितलं, "मोह इकतानी आमी थोडा ओला करतोच मॅडम. तुमाले वजन पायजे होतं, म्या वजन देल्लं."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आत्याला शेजारी बसवलं आणि समजावलं, की हे वजन मला नको आहे, पोरीला हवं आहे. अंगात तेवढा जीव नसेल तर ती ऑपरेशन सोसणार नाही, टेबलावरच जाईल. आत्या ऐकत राहिली. मग तिथेच बसून तिने तीन कड्या उसवल्या, नजरेची एक ठेवली.

*

सहाव्या महिन्यानंतर नळी निघाली. म्हणजे चांदणीनेच ती उपटून धनराजच्या हातात दिली. मॅडम म्हणाल्या, आता औषधाने दम कमी लागतो आहे, वाटी-चमच्याने दूध द्या आणि तांदळाची पेज सुरू करा.

धनराजने विचारलं, कोणता तांदूळ? मॅडम म्हणाल्या, कोणताही. फार्मवर काम करणाऱ्या माणसाला हे उत्तर सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने ओळखीपाळखीतून तीन जातींचे तांदूळ आणले, तिन्हींची पेज वेगवेगळ्या वाट्यांत केली आणि कोणती चांगली लागते ते लिहायला वही घेऊन बसला.

चांदणीने तिन्ही थुंकल्या. संध्याकाळी आत्याने स्वतःच्या ताटातल्या राशनच्या भाताचं पाणी चमच्याने ओठांना लावलं, ते तिने चाटून टाकलं. धनराजने वही मिटली.

*

आता दगडाचा किस्सा. आत्याकडे नदीतला एक गोटा आहे. बरोबर एक किलोचा, सरकारी शिक्क्याच्या मापाशी ताडून घेतलेला. बाजारात मोह विकायला गेली की आधी तो गोटा व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवते, मग मोह.

आठव्या महिन्यात आम्ही चंद्रपूरला गेलो. सिस्टरने चांदणीचे सगळे कपडे काढले, करगोटासुद्धा. काट्यावर पाच किलो तीस ग्रॅम. मी सिस्टरचा हातच धरला. धनराज फोन लावायला बाहेर पळाला. मॅडम नागपूरची चिठ्ठी लिहायला बसल्या.

तेवढ्यात आत्याने पिशवीतून तो गोटा काढला आणि काट्यावर ठेवला. सिस्टर म्हणाली, आजी, हा कॉम्प्युटरचा काटा आहे. आत्या हलली नाही. आकडा आला, एक किलो ऐंशी.

सिस्टरने काट्याच्या ताटावरची चादर उचलली. खाली कुणाचा तरी जाड टॉवेल घडी करून राहिला होता. तो काढला, आकडा शून्यावर आणला, गोटा पुन्हा ठेवला. बरोबर एक किलो. मग चांदणीला ठेवलं. चार किलो नऊशे पन्नास.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या.

बाहेर व्हरांड्यात मी आत्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. चार कड्या शिवताना काही वाटलं नाही, आणि आज पन्नास ग्रॅमसाठी हातची चिठ्ठी घालवली. कोणी मागितला होता तुझा गोटा?

आत्याने गोटा फडक्यात बांधला, पिशवीत तळाशी ठेवला आणि चांदणीला माझ्याकडून घेतलं.

"चाकू काट्यावर नाई चालनार, सुनिता," ती म्हणाली. "हिच्यावर चालन."