बाटलीवरच्या बाईच्या बाह्या

माणिकपुरात कार्मिनकडे शिवायला टाकलेला ब्लाउज कधी वेळेवर मिळाला असेल तर ती बाई भाग्यवान. स्टेशनच्या बाजूला काचेच्या दाराची दोन नवी दुकानं झाली होती, ते वार सांगायचे आणि त्याच वारी कपडा द्यायचे. पण त्यांचा ब्लाउज हात वर केला की काखेत धरायचा. कार्मिनचा धरायचा नाही. बाई वाकणार, हात वर करणार, पोर कडेवर घेणार, हे गृहीत धरूनच ती कात्री चालवायची. म्हणून आम्ही तिला शिव्या घालत घालत तिच्याकडेच जायचो.

तिचं घर आमच्या घरासमोर, मध्ये रस्ता आणि माझ्या भावाच्या वाडीचं कुंपण. पडवीत पायमशीन, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली नवऱ्याचा, सॅन्टनचा फोटो. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अर्धी उत्तरं 'हं' आणि 'अंहं'. तिचं माहेर नायगावच्या खाडीकाठी, म्हणून तिचं पाणी 'पानी'च राहिलं. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा माझ्यासमोर ती मुद्दाम आणखी चार 'न' पेरायची आणि मला मास्तरीण म्हणायची.

सॅन्टन मुंबईत कापडगिरणीत होता. पंचाहत्तर साली गेला. दर नाताळला तो तिच्यासाठी झग्याचं कापड आणायचा, आणि तिची कुरकुर ठरलेली. "मेला कवडीचुंबक. अगदी बेताचंच कापड आनतो. एक चिंधी म्हनून उरत नाय." ही कुरकुर फार जुनी. त्यांच्यात लग्नाआधी मुलाकडून, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घालायच्या झग्याचं कापड येतं, त्यालाही चिंधी उरली नव्हती. तिची आई म्हणे तेव्हा कपाळाला हात लावून बसली होती, जावई चिक्कू मिळाला म्हणून. तो गेल्यावरही कार्मिन हे सांगायचीच, फक्त मग सांगून झाल्यावर मशीनचं चाक जरा जोरात फिरवायची.

आता माझ्या भाचीची गोष्ट. आत्माराम माझा मोठा भाऊ, मथुरा माझी वहिनी, आणि चंद्रकांता त्यांची थोरली. बावीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, तोंडाने गोड आणि अंगाने काडी. जन्मापासून काडी. केळीचा घड खांद्यावर टाकून वाडीतून अंगणात आणायची तेव्हा कुणाला ती अशक्त वाटली नाही. पण ऐंशी साली तिला दाखवायला सुरुवात केली आणि एकामागून एक ठिकाणांहून तोच निरोप, मुलगी अशक्त वाटते. गल्लीत कुणीतरी तिला सुका बोंबील म्हटलं. ते तिच्या कानावर गेलं. त्यानंतर ती कपडे वाळत घालायलासुद्धा पूर्ण पदर घेऊन बाहेर यायची.

मथुरावहिनीने मग पास्कलच्या औषधाच्या दुकानातून वनितापुष्टीची बाटली आणली. हे औषध जुनं. पास्कलच्या आजोबांनी दुकान टाकलं तेव्हाची त्याची जाहिरात अजून काचेच्या चौकटीत गल्ल्यामागे लटकत होती आणि बाटलीवरचं चित्रही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बाई, नऊवारीतली, दोनदा काढलेली. डावीकडे 'सेवनापूर्वी', गाल बसलेले, अंगात साधी चोळी. उजवीकडे 'सेवनानंतर', भरलेली, हसरी, अंगात विलायती धाटणीचं पोलकं, गळ्याशी लेस, पिन लावलेली आणि खांद्यावर या एवढ्या फुग्याच्या बाह्या. चव मी एकदा घेऊन पाहिली. गुळाच्या पाण्यात गंजका खिळा बुडवून ठेवावा तशी होती. चंद्रकांता नाक दाबून सकाळ-संध्याकाळ प्यायची.

आणि दर पंधरवड्याला वहिनी तिला कार्मिनकडे मापाला न्यायची. शिवायला काही नाही, नुसतं माप. देवाला कौल लावावा तसं.

"वाढलं का गं?" वहिनी विचारायची.

"अंहं," टाचण्यांमधून कार्मिन म्हणायची.

असं बरेच महिने चाललं. मग एकदा टेप छातीभोवती असताना कार्मिनने पोरीकडे पाहिलं. चंद्रकांताने डोळे मिटून घेतले होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. कार्मिनने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "वाढलं. अर्धा इंच."

वहिनीला आनंदाने रडू आलं. ती पेढे आणायला गेली तेव्हा कार्मिनने ती बाटली मागवून घेतली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मी तिथेच होते.

"मास्तरीण, नीट बघ," ती म्हणाली. "ही बाई जाडी नाय झाली. हिने शिंपी बदलला."

खरंच होतं. चेहऱ्याला दोन रेघा जास्त दिल्या होत्या, बाकी सगळी किमया बाह्यांची. कार्मिनने त्याच बाह्या कापल्या. आत कडक अस्तर, खांद्यावर दाट चुण्या, छातीला पातळ कापसाचा थर, कुणाच्या बापाला कळणार नाही असा. निळ्या ब्लाउजात चंद्रकांता आरशासमोर उभी राहिली तेव्हा मीही क्षणभर फसले. तशा बाह्यांची नुकतीच पुन्हा फॅशन येत होती, त्यामुळे ते जुनाट दिसण्याऐवजी नवंच दिसलं. खोटं म्हणावं तर पोर किती दिवसांनी हसत होती.

त्याच ब्लाउजात तिला विरारच्या दिवाकरने पाहिलं. मुलगा टपाल खात्यात, शांत, जरा लाजराच. त्याची आई रखमाबाई मात्र करारी, विधवा बाई, वाडी एकटीने सांभाळलेली. दोघांनी पसंती कळवली. साखरपुडा झाला. कार्मिनला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. रविवारी जाऊन ती फादरना सगळं सांगून आली. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हनाले, कापूस भरला हे दहा आज्ञांतल्या कुठल्या आज्ञेखाली येतं ते बघावं लागेल." तोवर अडचण निराळीच झाली होती. मथुरावहिनीने गावभर सांगितलं होतं, वनितापुष्टीने पोर उभारली. पास्कलकडे बाटल्या पुरेनात. फुकटची एवढी मोठी जाहिरात त्या औषधाला शतकभरात मिळाली नसेल.

बस्त्याच्या खरेदीला दोन्हीकडच्या बायका गेल्या. तिथून चंद्रकांता घरी न येता सरळ कार्मिनच्या पडवीत आली. मी माझा ब्लाउज मागायला, म्हणजे भांडायला, तिथे बसले होते.

"मावशी, दिवाकरची धाकटी बहीण माझ्याहून बारीक आहे," ती म्हणाली. "तिने मला दुकानात बाजूला घेतलं. कानात विचारते, वहिनी, तुम्हाला किती बाटल्यांनंतर फरक पडला?"

कार्मिनचा पाय मशीनवर थांबला.

"तिला रोज पाजतात. माझं नाव सांगून. तिला मळमळतं, तरी पाजतात. मावशी, माझ्या लग्नाचा ब्लाउज माझ्या मापाचा शिव."

"आनि मोडलं तर?"

"मोडलं तर आत्ता मोडू दे. उद्या त्यांच्या घरात कळलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

कार्मिनने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग तिने आम्हाला जे सांगितलं ते वीस-बावीस वर्षांच्या शेजारात मी कधी ऐकलं नव्हतं. तीही अशीच सुकी. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तिच्या आईने तिच्या प्रत्येक झग्यात कापूस भरला होता. लग्नानंतर सॅन्टनला कळायचं ते कळलंच. तो त्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. "तो बोलला नाय, मी इचारलं नाय. मेला तोवर मना कळलं नाय, त्याला फसल्यासारखं वाटलं का काय. फोटोकडे बघून आता काय इचारू?" ती चंद्रकांताला म्हणाली, "तू म्हनतेस तेच कर. बये, माझ्यासारखी राहू नको."

रखमाबाई रविवारी येणारच होत्या. लेकीला सुनेसारख्या बाह्या शिवून हव्या होत्या त्यांना. त्या आल्या, पोरगी आली, वहिनी कौतुकाने त्यांना रस्ता ओलांडून पडवीत घेऊन आली. कार्मिनने टेप हातात घेतली तशी चंद्रकांता पुढे झाली.

"मावशी, आधी माझं घे. आणि मोठ्याने वाच."

तिने तो निळा ब्लाउज काढून बाजूला ठेवला होता. अंगात घरातला जुना, साधा ब्लाउज होता. कार्मिनने दंड मोजला, छाती मोजली आणि जे आकडे खरे होते ते मोठ्याने वाचले. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. रखमाबाईंनी खुर्चीवरचा निळा ब्लाउज उचलला, उलटा केला आणि बोटांनी अस्तर चाचपलं.

"म्हणजे बाटलीने काही झालं नाही," त्या म्हणाल्या.

"नाय," कार्मिन म्हणाली. "बाह्या मी शिवल्या. माप मी खोटं सांगितलं. पोरीने नाय."

"मला माहीत होतं," चंद्रकांता म्हणाली. "मी गप्प राहिले. पण हिला पाजू नका. माझ्यामुळे नको."

रखमाबाईंनी ब्लाउजाची नीट घडी घातली, ठेवला, लेकीचा हात धरला आणि उठल्या. आमच्या घरी चहा टाकलेला होता तो त्यांनी घेतला नाही. आमच्याकडे सोयरीक असलेल्या घरातून चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वहिनी कार्मिनशी बोलेना, माझ्याशी बोलेना, लेकीला जेवायला वाढायची पण तिच्याकडे बघायची नाही. दादा वाडीतच बसून राहायचा. चंद्रकांता मात्र पदर खोचून कपडे वाळत घालत होती, आणि मला तिचा अभिमान वाटत होता. कार्मिनचं मशीन बंद होतं. माझा ब्लाउज अर्थातच तसाच पडला होता.

मग एका संध्याकाळी दिवाकर आला. बरोबर बहीण. आमच्या घरी न येता दोघं आधी कार्मिनच्या पडवीत शिरली, म्हणून मी चप्पल न घालता रस्ता ओलांडला. त्याने पिशवीतून हिरवं जरीचं कापड काढून मशीनवर ठेवलं.

"आईने लग्नाच्या ब्लाउजाचं कापड पाठवलंय," तो म्हणाला. "बाह्या साध्या ठेवायला सांगितल्यात. आणि हिचंही माप घ्या. खरं घ्या."

बहीण हसत होती. बाटली आईने मोरीत ओतली, असं तिने मला हळूच सांगितलं.

"आईंना राग नाही ना आला?" मी विचारलं.

"आला होता. माझ्यावरच आला. मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." तो कानापर्यंत लाल झाला. "चहाचा कप देताना मनगट दिसतंच की. बाह्या कितीही फुगवल्या तरी."

तो समोर आमच्या घरी गेला. वहिनीचा रडण्याचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकू आला, आणि थोड्या वेळाने कपबशांचा.

कार्मिन ते हिरवं कापड मांडीवर घेऊन बसून होती. "त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "बघ ना, मास्तरीण. आनि मी इतकी वर्षं..." मला तिच्या मांडीवरचं कापड दिसत होतं, आणि एकदम डोक्यात काहीतरी आलं. माझी अक्कल नेहमीच उशिरा चालते.

"कार्मिन, सॅन्टनने लग्नाआधी कापड पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या झग्याचं."

"हं. बेताचंच."

"ते पाठवलं तेव्हा त्याने तुला कशी पाहिली होती? कापूस भरलेलीच ना? आणि तो झगा मात्र बिनकापसाचा शिवलेला?"

"हं."

"मग त्या कापसाच्या मापाने आणलं असतं तर?"

साऱ्या गावाची मापं डोक्यात ठेवणारी बाई, पण हे माप तिने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. ती मनातल्या मनात ते कापड पसरत असावी, घेर, लांबी, बाह्या.

"उरलं असतं," ती अगदी हळू म्हणाली. "चांगलं उरलं असतं."

"आणि एक चिंधी उरली नव्हती."

ती सॅन्टनच्या फोटोकडे वळली. गिरणीतला माणूस, अंगावरच्या कापडाकडे बघून माणसाचं माप सांगणारा. लग्नाआधीच त्याने तिचं खरं माप घेतलं होतं आणि लग्न केलं होतं.

"मेला कवडीचुंबक," कार्मिन म्हणाली, आणि झग्याच्या बाहीला डोळे पुसत राहिली.