पेटीला पाय लावण्याआधी

आधी आंटींचं सांगतो, मग बाकीचं. समुद्राकाठच्या एका दूरच्या शहरात मोठं कॅथेड्रल आहे, म्हणजे बिशपचं चर्च. तिथे त्या वर्षानुवर्षं प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवत आल्या आहेत. सगळे त्यांना आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्या नसत्या तर मी केव्हाच गावी, दुसरबीडला, परत गेलो असतो आणि लोकांना काय सांगायचं या विचारात घरात बसून राहिलो असतो. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगू शकलो नाही. माझी हिंदी मोडकी, त्यांची माझ्याहून मोडकी. म्हणून लिहितो आहे.

नववीत माझी शाळा सुटली. मोताळ्याला एका सुताराच्या दुकानात राहिलो, चौकटी-दारं करायला शिकलो. तिथून एका ठेकेदाराबरोबर इतक्या लांब आलो. चर्चमध्ये लाकूडकाम आहे, एवढंच त्यानं सांगितलं होतं. मला वाटलं बाकं असतील. येऊन बघतो तर जहाजानं आलेल्या लाकडी पेट्यांची रास, आणि त्यांच्या आत बाळंतिणीच्या बाळासारख्या गुंडाळून ठेवलेल्या नळ्या. चर्चमध्ये नवा पाइप ऑर्गन बसवायचा होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली भजनातली पेटी हवेवर वाजते, तसाच हाही. भात्याच्या जागी मोटर आणि प्रत्येक सुराला वेगळी नळी. लहान नळ्या करंगळीएवढ्या. सगळ्यात मोठी लाकडाची, चौकोनी, आमच्या घरात उभी केली तर पत्र्यातून वर निघेल अशी. चर्च एवढं मोठं की आत आमचा अख्खा आठवडी बाजार भरला असता, तरी त्या नळ्या उभ्या राहिल्यावर मागची भिंत भरून गेली.

सांगाडा उभा झाला तसे सुतार कमी करायला सुरुवात झाली. रोज कुणीतरी पिशवी भरून निघायचं. घरी मी फोनवर सांगून ठेवलं होतं की काम पक्कं आहे, पुढच्या गावालाही मलाच नेणार आहेत. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे ठेकेदाराचा मुकादम माझ्याकडे यायला लागला की मी रंधा उचलून कामात डोकं घालायचो. एके सकाळी तो आलाच.

"ऐ बुलढाणा, गप बसता येतं का तुला?"

तो सगळ्यांना जिल्ह्याच्या नावानंच हाका मारायचा. मी मान हलवली.

"मग साहेबाबरोबर बस. बाकीचे मोबाइल काढतात."

साहेब म्हणजे परदेशातून आलेला सूर लावणारा कारागीर. तो नळ्यांच्या आत जाऊन उभा राहायचा, तिथून त्याला पट्ट्या दिसायच्या नाहीत. म्हणून बाहेर वाजवणाऱ्याच्या बाकावर, पेटीसारख्याच पट्ट्यांपुढे, एक माणूस लागतो. साहेबानं आतून आवाज दिला की एक पट्टी दाबायची आणि धरून ठेवायची. तिची नळी सुरात आली की तो पुन्हा आवाज देणार, की पुढची पट्टी. बस, एवढंच काम. पण त्या वेळात चर्चमध्ये हातोडी नाही, झाडू नाही, पंखेसुद्धा बंद. घाम नाकावरून ओघळायचा तरी पट्टी सोडायची नाही.

मला ते जमलं. चपला पायऱ्यांपाशी काढायचो, बाकावर बसण्याआधी पट्टीला हात लावून कपाळाला लावायचो. आमच्या मामाची पेटी आहे, गावच्या भजनी मंडळात तोच वाजवतो. त्याच्या पेटीवरून लहानपणी कुणाचा पाय ओलांडून गेला तर पाठीत धपाटा बसायचा. ती सवय हाडात गेलेली. प्रार्थनेला बसायच्या पहिल्या बाकावर आंटी बसलेल्या असायच्या, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन.

वरच्या पट्ट्या झाल्या आणि साहेबानं खाली बोट दाखवलं. तिथे बाकाखाली लाकडाच्या लांब लांब पट्ट्या होत्या. मी त्यांना पाय ठेवायची फळी समजत होतो. त्या पायानं वाजवायच्या असतात. मोठ्या नळ्या त्यांच्यावरच बोलतात.

मी पाय उचलला आणि तो उचललेलाच राहिला. खाली ठेववेना. साहेबाला काय सांगणार, आणि कोणत्या भाषेत? मग मी बाकावरून उतरलो, गुडघ्यांवर बसलो आणि ती पट्टी हातानं दाबली.

मुकादम लांबून म्हणाला, "काय रे बुलढाणा, पूजा चालली आहे की काम?"

बाकीचे हसले. मीही हसल्यासारखं केलं. हातानं थोडा वेळ निभलं. पण खालची पट्टी भारी असते, स्प्रिंग कडक. पट्टी जरा वर उठली की सूरही डळमळायचा आणि साहेब आतून ओरडायचा. दुसऱ्या दिवशी तर खालची एक आणि वरची एक अशा दोन पट्ट्या एकदम धरायच्या होत्या, दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळतात का ते बघायला. मी एक हात खाली आणि एक हात वर, डोकं बाकाखाली, वरचं काही दिसत नाही, असा चाचपडत होतो. खालचा हात घामानं सटकला आणि शेजारच्या पट्टीवर सगळा भार पडला. नेमकी तिचीच मोठी नळी साहेबाच्या कानाशी होती. ती अशी गरजली की साहेब एक हात कानावर धरून शिडीवरून खाली आला. तो माझ्यावर ओरडला नाही. मुकादमाशी हळू आवाजात बोलला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मुकादम येऊन म्हणाला, "पाय आहेत ना तुला? मग अडचण काय?"

मी बाहीनं पट्टीवरचा घाम पुसू लागलो.

"गप बस म्हटलं होतं, मुका हो म्हटलं नव्हतं. उद्या दुसरा माणूस बसवतो. तू सामान बांध."

मी चपला घ्यायला पायऱ्यांकडे गेलो. तेवढ्यात आंटींनी हाक मारली. त्यांनी मला काही विचारलं नाही. कापडी पिशवी उघडली आणि आतून काळ्या कातड्याचे जोडे काढले. तळवा पातळ, मऊ, कडेला पुन्हापुन्हा शिवलेला. मी बघतच राहिलो. त्या जोड्यांना मातीचा एक कण नव्हता.

"हे फक्त इथे," त्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "रस्त्यावर नाही. चर्चच्या फरशीवरपण नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं, रस्त्याचा जोडा या लाकडाला लावायचा नाही." मग पदराच्या टोकानं हवेत पुसल्यासारखं केलं. "वाजवून झालं की खालच्या पट्ट्या मी हातानं पुसणार. जुन्या ऑर्गनच्यापण पुसायची. रोज."

त्यांना कळलं होतं. रोज मी कपाळाला हात लावताना त्या बघत होत्या. मी म्हटलं, "आमच्याकडे पेटीला पाय लावत नाहीत." एवढं एक वाक्य बोलायला मला दोन दिवस लागले होते.

"इथेपण असाच नाही लावत," त्या म्हणाल्या. मग उठून साहेबाकडे गेल्या. काय बोलल्या कोण जाणे. परत येऊन मुकादमाला म्हणाल्या, "उद्या सकाळी हाच बसेल." मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्याच्या सकाळपुरतं. समजलं?"

संध्याकाळी मी मामाला फोन लावला.

"मामा, इथं पायानं वाजवाची पेटी हाय."

"काऊन बे? हात नाई का त्या लोकाइले?"

"हातानंबी वाजवतेत. खालून पायानंबी. मले पाय लावा लागते, नाई तं काम जाते."

मामा एकदम तापला. "पेटीले पाय लावशीन? अन् वरतून मलेच विचारून राह्यला?"

मागून मामीचा आवाज आला, "माही शिलाई मशीन कशानं चालते हो? पायानंच ना? दसऱ्याले तिची पूजा तुमीच करता."

"मशीन येगळी, पेटी येगळी."

"हाव, पेटी वाजवून घर चाललं असतं तं म्या मशीनले पाय लावलाच नसता."

मग मामा म्हणाला, "हे पाह्य, पह्यले हात लाव. डोकं टेकव. मनातल्या मनात सांग का बाप्पा, रीतच अशी हाय इथली. मंग लाव पाय. अन् जोरानं आपटू नको."

सकाळी मी आलो तर आंटी माझ्या आधी येऊन बसलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुरुषी जोडे त्यांनी माझ्या हातात दिले. त्यांचा भाऊ जुना ऑर्गन वाजवायचा, त्याचे. तो आता नाही. मला ते सैल होत होते, पुढे थोडा कापूस कोंबला. बाकापर्यंत मी अनवाणी गेलो, तिथेच ते घातले. मग वाकून एकेका खालच्या पट्टीला हात लावला आणि कपाळाला. साहेब शिडीवर चढता चढता थांबला होता. त्यानं घाई केली नाही. माझं झाल्यावर तो आत गेला आणि आतून त्याचा आवाज आला.

मी पाय ठेवला. सगळ्यात खालची नळी बोलली. तो आवाज कानाला कमी आणि बाकाला जास्त कळतो. माझ्या मांड्या, छाती, दात, सगळं थरथरलं. पण पाय हलला नाही. दुपारपर्यंत मुकादम दोनदा येऊन बघून गेला. दुसरा माणूस आणला नाही.

ऑर्गन पहिल्यांदा प्रार्थनेला वाजला त्या दिवशी आंटी बाकावर होत्या. मी मागच्या दारापाशी उभा होतो. मोबाइलवर थोडं टिपून मामाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "यात तं नुसता भुंगा गुणगुणून राह्यला." मग थोड्या वेळानं दुसरं आलं, "बाई सुरात हाय पण."

निघताना साहेबानं मुकादमाला सांगितलं की पुढच्या ठिकाणी पट्ट्यांवर हाच माणूस हवा. आता मी त्या पुढच्या ठिकाणी आहे, घरापासून आणखी लांब. नळ्यांच्या पेट्या अजून उघडायच्या आहेत. इथून पुढचं काम मिळेल का, ही धाकधूक आहेच. पण घरी फोनवर जे सांगून ठेवलं होतं ते निदान आजपर्यंत तरी खरं झालं. आंटींच्या भावाचे जोडे माझ्याजवळ आहेत. परत द्यायला गेलो तर त्यांनी ते माझ्याच पिशवीत कोंबले.

त्यांच्या स्वतःच्या जोड्यांचा तळवा आता शिवणीवरच टिकून आहे. तसे जोडे त्या शहरात कुणी करून देत नाही, असं त्या सहज बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मोताळ्याच्या बाजारात आमच्या सुताराच्या दुकानासमोर एक म्हातारबुवा बसतात, चामडं पाण्यात भिजवून हातानं शिवतात. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, गावी गेलो की त्यांच्याजवळ बसून आंटींसाठी एक जोड करून घेणार आहे, मऊ तळव्याची. कुरियरनं पाठवणार नाही. स्वतः घेऊन जाईन, आणि वाटेत त्या जोड्यांना कुठेही जमीन लागू देणार नाही.